कै. बॉबी तल्यारखान : एका क्रीडालेखकाचे चरित्र

वाचकहो, महोत्सवाच्या अंकात संतांची, धर्मप्रसारकांची आणि धर्मग्रामाच्या आधारस्तंभांची चरित्रे द्यावयाची, ही आपली जुनी रीत आहे. त्यांच्या पंक्तीस मुंबईच्या एका पारशी गृहस्थाला, आणि तेही ज्याने आयुष्यभर चेंडूफळीच्या सामन्यांवर बोलण्यालिहिण्याखेरीज दुसरा उद्योग फारसा केला नाही अशा गृहस्थाला, का बसविले, अशी शंका कित्येकांस येईल. शंका रास्त आहे. म्हणून तिचे उत्तर प्रथमच देतो. आपल्या चिखलीच्या धर्मग्रामात रविवारची पवित्र मिस्सा आटोपली की अर्धी तरुण मंडळी मैदानाची वाट धरतात. त्यांच्या आवडीच्या विषयातले एक चरित्र त्यांच्या हाती द्यावे, हा एक हेतू. दुसरा हेतू याहून महत्त्वाचा आहे. ज्या प्रश्नाच्या पायी या गृहस्थाने आपली लोकप्रियता पणाला लावली, तो प्रश्न आम्हां ख्रिस्ती लोकांना फार जवळून शिवणारा होता, आणि त्याची धग अजूनही पुरती विझलेली नाही.

अर्देशीर फुर्दोरजी सोहराबजी तल्यारखान यांचा जन्म १८९७ साली एका सधन पारशी घराण्यात झाला. जगाने त्यांस बॉबी या सुटसुटीत नावाने ओळखले, आणि वर्तमानपत्रांच्या वाचकांनी ए. एफ. एस. टी. या चार अक्षरांनी. त्यांच्या जन्माच्या वेळी क्रिकेट हा खेळ पारशी समाजाच्या हाडीमासी खिळलेला होता. १८४८ साली पारश्यांनी मुंबईत ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला. १८८६ आणि १८८८ साली त्यांचे संघ विलायतेस जाऊन खेळून आले. आणि १८९२ पासून मुंबई इलाख्यातील युरोपियन व पारशी यांचे सामने नियमाने होऊ लागले. १९०७ साली त्यांत हिंदूंचा संघ मिळाला व सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला व ते चौरंगी झाले. पावसाळा सरला की साऱ्या मुंबईचे डोळे या सामन्यांकडे लागत. गिरणीतला कामगार, पेढीवरचा कारकून, बंदरावरचा व्यापारी, सारेच त्यांची वाट पाहत. तल्यारखान लहानाचे मोठे झाले ते या हवेत.

त्या दिवसांत सामना पाहावयाचा तर मैदानावर जावे लागे, आणि ज्यास ते जमत नसे त्याने दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राची वाट पाहावी, याहून तिसरा मार्ग नव्हता. तो मार्ग नभोवाणीने उघडला. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झाले होते. १९३३ च्या डिसेंबरात हिंदुस्थानच्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना मुंबई जिमखान्याच्या मैदानावर झाला आणि लाला अमरनाथ यांनी त्यात ११८ धावा काढून लोकांस वेड लावले. या उत्साहाच्या पाठोपाठ, १९३४ साली, चौरंगी सामन्यांचे धावते वर्णन नभोवाणीवरून देण्याचे ठरले, आणि ते काम तल्यारखानांच्या हाती आले. आपल्या देशात क्रिकेटच्या धावत्या वर्णनाची परंपरा सांगावयाची तर तिचा आरंभ याच नावापासून करावा लागतो.

हे काम किती कठीण होते याची कल्पना आजच्या तरुणांस सहजी यावयाची नाही. आज दोघे तिघे वर्णनकार आळीपाळीने बोलतात. शेजारी आकडे काढून देणारा मनुष्य असतो. समोर चित्रपट्टी असते व हुकलेली गोष्ट पुन्हा पाहता येते. तल्यारखानांच्या समोर केवळ मैदान आणि ध्वनिक्षेपक असे. खेळास आरंभ झाला की त्यांचा आवाज सुरू होई, तो उपाहाराच्या सुटीपर्यंत. पुन्हा सुरू होई, तो चहापानापर्यंत. आणि पुन्हा, तो दिवसाचा खेळ संपेपर्यंत. मध्ये दुसऱ्या कोणाचा आवाज नाही. गोलंदाजाची धाव, फलंदाजाचा पवित्रा, चेंडूची दिशा, क्षेत्ररक्षकाची चपळाई, फळ्यावरच्या धावा, हे सर्व डोळ्यांनी टिपावयाचे, त्याच क्षणी शब्दांत मांडावयाचे, आणि दोन चेंडूंमधल्या रिकाम्या जागेत जुन्या सामन्यांच्या आठवणी व आपली परखड मते पेरावयाची. एका कंठाने दिवसभर, आणि ओळीने तीन तीन चार चार दिवस, असे बोलणे ही साधी गोष्ट नव्हे. त्यांचा आवाज भारदस्त होता आणि किस्से सांगण्याची हातोटी विलक्षण होती. भाषा इंग्रजी असली तरी ज्यांस ती पुरती कळत नसे असेही लोक दुकानांसमोर उभे राहून ऐकत. कारण आवाजाच्या चढउतारावरून गडी बाद झाला की चौकार गेला, हे कळावयास भाषा लागत नाही.

अशा रीतीने चौरंगी सामन्यांनी तल्यारखानांस कीर्ती दिली आणि तल्यारखानांनी चौरंगी सामन्यांस घरोघर नेले. हा परस्परांचा ऋणानुबंध ध्यानी ठेवावा. कारण पुढील कथा त्याच्याच विरुद्ध जाणारी आहे.

१९३७ साली मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले, आणि त्याच वर्षी स्पर्धेत पाचवा संघ घेऊन ती पंचरंगी करण्यात आली. हा पाचवा संघ म्हणजे रेस्ट, अर्थात बाकीचे, उरलेले. युरोपियन नव्हे, पारशी नव्हे, हिंदू नव्हे, मुसलमान नव्हे, असे जे कोणी असतील त्यांचा हा संघ. त्यात हिंदी ख्रिस्ती होते, अँग्लो-इंडियन होते, यहुदी होते, सिंहलद्वीपाचे खेळाडूही होते. धर्मबंधूंनो, आपल्या लोकांस त्या काळच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळाला तो या नावाखाली. ज्यांना स्वतःचे नाव नाही, ज्यांची ओळख केवळ वजाबाकी करून उरते, असे आपण तेथे होतो. प्रवेश मिळाला याचा आनंद होताच; परंतु ज्या घरात पाहुण्यास उरलासुरला असे म्हणून बसवितात, त्या घरची मांडणीच कोठेतरी चुकलेली असते, हेही तितकेच खरे.

या मांडणीतील दोष दिसावयास वेळ लागला नाही. नव्या स्टेडियममधील बैठकींच्या वाटणीवरून वाद होऊन पहिल्याच पंचरंगी स्पर्धेतून हिंदू जिमखान्याने अंग काढून घेतले. देशातील राजकारण तापत चालले होते. धर्माच्या नावाने मतदारसंघ वेगळे झालेच होते. आता धर्माच्या नावाने जयघोष करणारा प्रेक्षकवर्ग एका आवारात समोरासमोर बसू लागला. १९४० च्या डिसेंबरात गांधीजींचे मत विचारण्यात आले, तेव्हा त्यांनी अशा जातवार सामन्यांविषयी आपली नापसंती स्पष्ट कळविली. महाविद्यालयांचे वा संस्थांचे संघ असणे त्यांना समजू शकत होते. हिंदू, मुसलमान, पारशी असे संघ कशासाठी, हे मात्र त्यांना उमगत नव्हते. त्यावरून मुंबईत मोठे रण माजले. हिंदू जिमखान्याने सभासदांच्या मतांनी त्या वर्षी न खेळण्याचे ठरविले; पण स्पर्धा थांबली नाही, आणि पुढे तो संघही परत आला.

या वादात तल्यारखानांनी पंचरंगी सामन्यांच्या विरुद्ध बाजू घेतली. ही गोष्ट सामान्य नव्हे. हे सामने म्हणजे त्यांच्या पारशी समाजाचे भूषण होते. हेच सामने त्यांच्या आवाजाचे सिंहासन होते. ज्या झाडाच्या फांदीवर आपण बसलो, तिच्यावर आपणच कुऱ्हाड चालवावी, असे त्यांच्या हितचिंतकांस वाटले असल्यास नवल नाही. व्यवहार पाहावयाचा तर त्यांनी मौन राखणेच शहाणपणाचे होते. परंतु त्यांचे म्हणणे सरळ होते. प्रांताप्रांतांचे सामने व्हावेत, संस्थांचे व्हावेत, गावागावांचे व्हावेत. पण मनुष्याने कोणत्या मंदिरात प्रार्थना करावी यावरून त्याचा संघ ठरू नये. देश फुटण्याच्या उंबरठ्यावर उभा असता मैदानावर रोज त्या फुटीची रंगीत तालीम करणे हा विस्तवाशी खेळ आहे, अशी त्यांची धारणा होती. ही भूमिका त्यांनी वर्तमानपत्रांतून मांडली, आणि १९४५ साली मुंबईच्या हिंद किताब्ज या प्रकाशनसंस्थेने त्यांचे ‘ऑन विथ द गेम’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ज्याची ख्याती केवळ वक्ता म्हणून होती, तो येथे ग्रंथकार म्हणून लोकांपुढे उभा राहिला.

प्रतिपक्षाचे म्हणणेही येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एकच बाजू मांडणारा चरित्रकार वकील होतो. पंचरंगीचे अभिमानी म्हणत की, या सामन्यांनी वैर वाढविले नाही, उलट स्नेह वाढविला. आणि त्यांच्यापाशी दाखलेही होते. १९४४-४५ च्या हंगामातील अंतिम सामन्यात मुसलमानांच्या संघाने हिंदूंच्या संघास अवघ्या एका गड्याने हरविले. के. सी. इब्राहिम हे १३७ धावा काढून अखेरपर्यंत नाबाद राहिले. पराभूत संघाचे नायक विजय मर्चंट यांनी विजयी नायक मुश्ताक अली यांस मनःपूर्वक आलिंगन दिले, ही हकीकत जुने लोक पुष्कळ दिवस सांगत. खेळाडूंची मने मोठी होती, यात संशय नाही. तथापि प्रश्न खेळाडूंच्या मनाचा नव्हता. स्पर्धेची चौकटच अशी होती की, चांगला मनुष्यदेखील तीत शिरताच प्रथम एका धर्माचा प्रतिनिधी होई आणि मग खेळाडू. तल्यारखानांचा आक्षेप त्या चौकटीवर होता.

आणि या चौकटीचे खरे स्वरूप पाहावयाचे तर आपल्याच एका माणसाचे उदाहरण घ्यावे. सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात १९१५ साली जन्मलेले विजय हजारे हे १९४३ च्या डिसेंबरात रेस्टतर्फे हिंदूंच्या संघाविरुद्ध अंतिम सामना खेळत होते. हिंदूंनी पाच गडी बाद ५८१ धावांवर डाव सोडला होता. त्यांत मर्चंट यांच्या नाबाद २५० धावा होत्या. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला आणि त्यांस लागलीच पुन्हा फलंदाजीस यावे लागले. दुसऱ्या डावात संघाच्या एकूण ३८७ धावा झाल्या. त्यांतील ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. त्यांचे बंधू विवेक यांनी केवळ २१ धावा काढल्या, पण तासन्‌तास एक बाजू राखून धरली व भावास खेळू दिले. त्या दोघांच्या भागीत ३०० धावा निघाल्या. संघ हरला. परंतु ज्यांस उरलेले म्हणून बाजूस बसविले होते, त्यांतल्या एकाने असा पराक्रम केला की जिंकणाऱ्याइतकेच हरणाऱ्याचे नाव चिरंजीव झाले. पुढे याच हजाऱ्यांनी १९४८ साली अॅडलेड येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच कसोटीत दोन शतके ठोकली, आणि १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रास येथे त्यांच्याच नायकत्वाखाली भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. त्या वेळी ते उरलेल्यांचे नायक नव्हते, साऱ्या भारताचे नायक होते. तल्यारखानांस जी वाट हवी होती ती हीच.

१९४५-४६ च्या हंगामानंतर पंचरंगी सामने भरले नाहीत. अर्धशतकाहून अधिक काळ चाललेली ती परंपरा संपली, आणि प्रांतांच्या संघांत होणारी, १९३४ साली सुरू झालेली रणजी करंडकाची स्पर्धा देशाची मुख्य स्पर्धा ठरली. हे श्रेय एकट्या तल्यारखानांचे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. गांधीजींचे मत, राष्ट्रीय वृत्तीच्या वर्तमानपत्रांचा आग्रह आणि काळाचा रेटा, ही सर्व कारणे त्यामागे होती. परंतु ज्याचे नुकसान होणार होते त्यानेच जेव्हा सुधारणेची बाजू घेतली, तेव्हा त्या बाजूस नैतिक वजन आले, एवढे निश्चित.

आता त्यांच्या स्वभावाची दुसरी बाजू. संतांच्या चरित्रातही त्यांचे दोष झाकावयाचे नसतात, मग हे तर एका संसारी माणसाचे चरित्र आहे. तल्यारखानांस ध्वनिक्षेपक दुसऱ्या कोणाशी वाटून घेणे मान्य नव्हते. १९४८-४९ साली वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. त्या सुमारास आकाशवाणीने एका ऐवजी तीन वर्णनकारांनी पाळीपाळीने बोलावे, अशी व्यवस्था केली. ती व्यवस्था शहाणपणाची होती. आज सगळ्या जगात तीच रूढ आहे. परंतु ज्याने चौदा वर्षे एकट्याने रंगभूमी गाजविली, त्यास तिघांतला एक होणे रुचले नाही, आणि त्यांनी ते काम सोडले. पुढे काही वेळा दिवसाच्या खेळाचा समारोप सांगण्यापुरते ते नभोवाणीवर आले, पण ते जुने राज्य पुन्हा आले नाही. मैदानावर सर्वांनी एकत्र खेळावे असे सांगणाऱ्या पुरुषास ध्वनिक्षेपकापाशी दुसऱ्यास जागा करून देणे अवघड गेले, यात मनुष्यस्वभावाचे एक कोडे आहे. ज्यास देवाने मोठे दान दिले, त्यास ते दान आपल्या एकट्याचे वाटू लागण्याचा मोह फार. गायनमंडळात, वाचकमंडळात, पंचायतीत, आणि प्रवचनपीठावरदेखील, हा मोह आपण सर्वांनी ओळखावा.

परंतु आवाज थांबला तरी लेखणी थांबली नाही. आणि येथून त्यांच्या आयुष्याचा सर्वांत दीर्घ भाग सुरू होतो. ‘ब्लिट्झ’ या मुंबईच्या साप्ताहिकात त्यांनी क्रीडाविषयक लेखन केले. ‘टेक इट फ्रॉम मी’ या नावाचे त्यांचे सदर ‘मिड-डे’ या सायंदैनिकाच्या वाचकांस चांगले परिचित होते, आणि ते लिहीत असता त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेलेले होते. ज्या वयात माणसे जुन्या आठवणींची पोतडी घेऊन बसतात, त्या वयात ते कालच्या सामन्यावर आज लिहीत. नियामक मंडळाचे कारभारी असोत की नामांकित खेळाडू असोत, कोणाची भीड त्यांनी बाळगली नाही. त्यांची सगळीच मते बरोबर ठरली असे नव्हे. पण ती उसनी नव्हती. आणखी एक गोष्ट अशी की, त्यांनी आपली दृष्टी क्रिकेटपुरती आखडली नाही. हॉकी आणि फुटबॉल या खेळांवरही त्यांचे प्रेम होते. त्या काळी मुंबईच्या हॉकीत आपल्या ख्रिस्ती तरुणांचा मोठा भरणा असे. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या संघाने अंतिम सामन्यात ब्रिटनला चार विरुद्ध शून्य असे हरवून सुवर्णपदक मिळविले. त्या संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, मॅक्सी वाझ हे मुंबईचे खेळाडू होते. त्यांस कोणी शेष म्हणून पाठविले नव्हते. त्यांच्या छातीवर देशाचे चिन्ह होते.

१९९० साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षाच्या सुमारास, तल्यारखानांचे निधन झाले. त्यास आता साडेतीन दशके उलटली. त्यांच्या आवाजाची मोहिनी ज्यांनी अनुभवली त्या पिढीतील फार थोडे लोक आज हयात आहेत. बोललेला शब्द वाऱ्यावर जातो आणि वर्तमानपत्रातला शब्द दुसऱ्या दिवशी पुडी बांधावयास जातो. क्रीडालेखकाच्या नशिबी हे असेच असते. तरीदेखील त्यांच्या लढ्याचे फळ आपण रोज खात आहो, फक्त त्याची आठवण आपणांस नसते. आपल्यापासून फार दूर नसलेल्या गहुंजे येथे २०१२ पासून जे मोठे क्रीडांगण उभे आहे, तेथे महाराष्ट्राचा संघ उतरतो तेव्हा कोणता खेळाडू कोणत्या प्रार्थनामंदिरात जातो, हे विचारून त्यास संघात घेत नाहीत. ही गोष्ट आपणांस इतकी स्वाभाविक वाटते की ती कधी तरी मिळवावी लागली असेल, असे मनातही येत नाही.

आता चिखलीकडे वळू. आपला गाव टाळगाव चिखली म्हणून जुन्या भक्तिपरंपरेत ओळखला जातो. इंद्रायणी जवळ, देहू जवळ. या गावाच्या चहूंकडे भोसरी, तळवडे, चाकण येथील कारखाने उभे राहिले आणि कामाच्या शोधात सारा महाराष्ट्र, किंबहुना सारा देश, येथे येऊन राहिला. आपल्या धर्मग्रामातही कोणी अहिल्यानगरकडचे, कोणी जालन्याकडचे, कोणी वसईचे, कोणी गोव्याचे, कोणी दूर दक्षिणेतले. कारखान्यात एका यंत्रावर उभे राहताना आपण एकमेकांचे गाव विचारीत नाही; परंतु सायंकाळी मैदानावर संघ पाडताना मात्र कित्येकदा गाव, भाषा आणि जात हळूच पुढे येतात, आणि जे कोणत्याच गटात बसत नाहीत ते कडेला उभे राहतात. कडेला उभे राहणाऱ्यांची वेदना काय असते, हे आपल्या समाजाने जाणले पाहिजे. कारण एकेकाळी साऱ्या मुंबईदेखत आपण त्या कडेला उभे होतो.

म्हणून महोत्सवाच्या या वर्षात आपल्या तरुण मंडळींस माझी एवढीच विनंती आहे. संघ करा, तो खेळ पाहून करा. शेजारचा हिंदू, मुसलमान, बौद्ध मुलगा चांगला गोलंदाज असेल तर त्यास बोलवा. आणि ज्यास कोणीच बोलावीत नाही त्यास प्रथम बोलवा. तुमच्यापैकी ज्यास बोलण्याची वा लिहिण्याची देणगी असेल त्याने सामन्याचे वर्णन करावे, गावच्या खेळाडूंविषयी लिहावे, आणि आपल्या स्वतःच्या पक्षाचे चुकत असेल तर ते प्रथम आपणच सांगावे. तल्यारखानांनी पारशी असून पारश्यांच्या भूषणाविषयी सत्य सांगितले; तितके धैर्य आपणांसही यावे. आणि ध्वनिक्षेपक हाती आला की, वेळ होताच तो पुढच्याच्या हाती द्यावा, हेही त्यांच्याच चरित्रावरून शिकावे. संत पौलाने ख्रिस्ती जीवनास शर्यतीची उपमा दिली आहे. त्या शर्यतीत बक्षीस देणारा एकच आहे, आणि त्याच्या वहीत उरलेले असा रकाना नाही.

कै. तल्यारखान यांच्या आत्म्यास परमेश्वर चिरशांती देवो, आणि आपल्या धर्मग्रामाच्या मैदानावर प्रत्येक मुलास आपल्या नावाने हाक ऐकू येवो, अशी प्रभुचरणी प्रार्थना करून हे अल्पचरित्र पुरे करतो.